रड्याच्या गावाला कोण कोण जाऊन आलंय?

लॉरेल-हार्डी ही नावं मला फार उशिरा कळली. आमच्या घरी ते जाड्या-रड्याच. त्यातल्या रड्याचं, म्हणजे स्टॅन लॉरेलचं, जन्मगाव अल्व्हरस्टन, इंग्लंडच्या वायव्येला कंब्रियात. पुढच्या महिन्यात शाळेतल्या मित्राबरोबर लँकेस्टरपर्यंत जातोय, एक दिवस मोकळा आहे. जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहा. जाड्याच्या गावचं लिहिलंत तरी चालेल.

*

लँकेस्टरहून बॅरोकडे जाणारी गाडी घ्या आणि डावीकडची खिडकी पकडा. अल्व्हरस्टनच्या आधी दोन लांब पुलांवरून गाडी खाडी ओलांडते. ओहोटी असेल तर नुसती चमकणारी वाळू दिसते.

गावात कॉरोनेशन हॉलसमोर दोघांचा ब्राँझचा पुतळा आहे, 2009 साली बसवलेला. दिव्याचा खांब, पायाशी कुत्रा. आमचे बाबा सत्तरीचे, एरवी फोटोला पासपोर्टसारखा चेहरा करणारे. तिथे त्यांनी रड्यासारखी टाळू खाजवत रडवेलं तोंड केलं. आई म्हणाली, "अहो, लोक बघतायत." तर रस्त्याने जाणाऱ्या एक आजीबाई थांबल्या आणि नसलेला टाय जाड्यासारखा बोटांनी फडफडवून पुढे गेल्या! आई अजून हे सगळ्यांना सांगते.

*

त्याच हॉलच्या सज्जात 1947 साली दोघं येऊन उभे राहिले होते. खाली ही गर्दी. गावाने रड्याला त्याच्या जन्मदाखल्याची प्रत दिली. तो 16 जून 1890चा, मूळ नाव आर्थर स्टॅनली जेफरसन. म्हणजे दाखल्यावर लॉरेल शोधून सापडायचा नाही.

*

संग्रहालय चुकवू नका. बिल क्युबिन नावाच्या गावातल्याच एका वेड्या चाहत्याने 1983 साली स्वतःच्या संग्रहातून ते उभं केलं. आता रॉक्सी सिनेमाच्या इमारतीत आहे. आत त्यांचे लघुपट चालू असतात. माझ्या सहा वर्षांच्या मुलीला हे दोघं कोण ते ठाऊक नव्हतं. जिन्यावरून पियानो चढवतात तो 1932चा, ऑस्कर मिळालेला लघुपट लागला होता. पियानो दुसऱ्यांदा घरंगळल्यावर ती खुर्चीवरून खाली आली हसता हसता. पुढचं गाव बघायचं राहिलं ते राहिलंच.

*

आर्गाइल स्ट्रीटवरच्या जन्मघराबद्दल एक सूचना. ते साधं राहतं घर आहे, भिंतीवर पाटी, बस्स. मी शहाणीसारखी खिडकीतून डोकावले, तर आतून कुणीतरी चहाचा कप उंचावून हात केला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

जाड्याच्या गावचं मी लिहितो. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात हार्लेम म्हणून चिमुकलं गाव आहे, तिथे ऑलिव्हर हार्डी 18 जानेवारी 1892ला जन्मला. वडील त्याच वर्षी वारले आणि त्याचं बालपण मिलेजव्हिलला नि इकडेतिकडे गेलं. म्हणजे हार्लेमचा हक्क तसा पाळण्यापुरताच! पण गाव सोडतंय थोडंच? संग्रहालय आहे, आणि ऑक्टोबरात त्याच्या नावाने जत्रा भरते. आम्ही गेलो तेव्हा एकाच चौकात अकरा जाड्ये मोजले. रड्ये चारच. रडणं जमत नसावं लोकांना, किंवा पोट आयतं असतं.

*

सगळ्यांचे आभार. तिकिटं काढली, डावीकडच्याच खिडक्या. पुतळ्यापाशी जाड्या कोणी व्हायचं यावरून मात्र आमचं दोघांचं कालपासून वाजलंय. वजनकाटा मागवलाय.