मदत हवी आहे: एसएनएसची फिल्टर पॉलिसी बदलताना मधल्या मिनिटांतले इव्हेंट गळतात

आमच्याकडे ऑर्डरविषयीचे सगळे इव्हेंट एकाच एसएनएस (अॅमेझॉनची संदेश वाटणारी सेवा) टॉपिकवर पब्लिश होतात आणि प्रत्येक सेवेच्या एसक्यूएस क्यूमध्ये (संदेशांच्या रांगेत) तिच्या फिल्टर पॉलिसीनुसार, म्हणजे कोणते संदेश घ्यायचे या नियमानुसार, हवे तेवढेच येतात. अलीकडे रद्द झालेल्या ऑर्डरच्या इव्हेंटची रचना बदलल्यामुळे ‘प्रकार’ या अॅट्रिब्यूटमध्ये (संदेशासोबत जाणाऱ्या माहितीच्या खुणेत) ‘रद्द’ऐवजी ‘रद्द-२’ पाठवायचे ठरले. परताव्याच्या सेवेच्या पॉलिसीतून मी ‘रद्द’ काढून तेथे ‘रद्द-२’ लिहिले, बदल जतन झाल्याचे पाहिले आणि लगेच पब्लिशरची (इव्हेंट पाठवणाऱ्या प्रोग्रामची) नवी आवृत्ती चढवली.

पुढची काही मिनिटे काही इव्हेंट क्यूमध्ये आले, तर काही आलेच नाहीत. एरर कोठेही नव्हती आणि डेड-लेटर क्यूही (पोहोचवता न आलेल्या संदेशांची रांग) रिकामी होती, कारण फिल्टरमध्ये न बसलेला संदेश हे एसएनएसच्या लेखी अपयश नसतेच. शेवटी क्लाउडवॉच या देखरेखीच्या सेवेमध्ये गाळलेल्या संदेशांचा आलेख नेमका त्याच वेळी चढलेला दिसला. पॉलिसीतला बदल सगळीकडे लागू व्हायला १५ मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो, असे माहितीपत्रात स्पष्ट लिहिलेले आहे. घाई माझीच झाली.

परंतु नुसते थांबूनही भागत नाही, कारण थांबलेल्या वेळात जुना पब्लिशर पाठवत असलेले ‘रद्द’ गाळले जातील. त्याच क्यूला त्याच टॉपिकवर वेगळ्या पॉलिसीचे दुसरे सबस्क्रिप्शन (संदेश मिळवण्याची जोडणी) देता येत नाही, आणि फिल्टरच काढला तर नको असलेल्या इव्हेंटांचा लोंढा परताव्याच्या सेवेवर येईल. यातून सुरक्षित वाट कोणती?

प्रतिसाद:
पॉलिसी बदलू नका, आधी रुंद करा. एकाच कीच्या (पॉलिसीतल्या अॅट्रिब्यूटच्या नावाच्या) यादीतील मूल्यांपैकी कोणतेही एक जुळले तरी चालते, म्हणून ‘प्रकार’पुढे ["रद्द", "रद्द-२"] अशी दोन्ही मूल्ये ठेवा. त्याआधी परताव्याच्या सेवेला दोन्ही रचना वाचता आल्या पाहिजेत. मग पूर्ण १५ मिनिटे जाऊ द्या, पब्लिशर बदला आणि जुन्या आवृत्तीचा शेवटचा सर्व्हर बंद झाल्यानंतरच ‘रद्द’ काढा. मात्र नव्या प्रकारासाठी वेगळी की जोडण्याचा मोह टाळा. निरनिराळ्या की एकाच वेळी जुळाव्या लागतात, त्यामुळे फिल्टर रुंद होण्याऐवजी अरुंद होईल.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. वेगळी की जोडण्याचाच विचार चालला होता. गळालेले इव्हेंट ऑर्डरच्या डेटाबेसवरून पुन्हा तयार करून थेट परताव्याच्या क्यूमध्ये टाकत आहे, म्हणजे टॉपिकवरच्या इतर सेवांना ते दुसऱ्यांदा मिळणार नाहीत.