सिगारेट कायमची कशी सोडावी?

प्रश्न: सिगारेट सोडल्यावर पहिले काही दिवस निग्रहाने निघतात, परंतु चिडचीड आणि झोपमोड वाढली की ती पुन्हा हाती येते. केवळ मनोबलावर विसंबावे, की औषधांचा आधार घ्यावा?

प्रतिसाद १: आधार अवश्य घ्यावा, त्यात कमीपणा मुळीच नाही. निकोटिन तुटल्याचा त्रास पहिल्या २-३ दिवसांत सर्वाधिक असतो आणि साधारण ३-४ आठवड्यांत ओसरतो. त्वचेवर चिकटवायची निकोटिनची पट्टी दिवसभर संथ पुरवठा करते, तर निकोटिनचे च्युइंगम अचानक उसळणाऱ्या तलफेसाठी उपयोगी पडते. दोन्ही एकत्र वापरल्यास यशाची शक्यता वाढते. मात्र हे च्युइंगम सतत चघळायचे नसते, चुरचुर जाणवताच ते गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवावे. तलफ कमी करणाऱ्या व्हरेनिक्लिनसारख्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

प्रतिसाद २: झोपमोडीचे एक कारण सहसा कोणी सांगत नाही. धुरातील घटकांमुळे शरीर कॅफिनचा निचरा वेगाने करते. सिगारेट बंद होताच तो वेग मंदावतो आणि नेहमीइतकीच कॉफी अधिक बाधते. ती निम्म्यावर आणून पाहा.

प्रतिसाद ३: एखादी सिगारेट ओढली गेलीच, तर सारे संपले असे मानून पाकीट विकत घेऊ नका, त्याच दिवशी थांबा आणि ती कोणत्या प्रसंगी ओढली गेली याची नोंद ठेवा.