सॅनिटायझरमध्ये कोरफड मिसळली तर चालेल का?

भेगाळलेली: दिवसातून वीस वेळा सॅनिटायझर लावून बोटांची पेरं फुटलीत. नुसतं पाणी लागलं तरी झोंबतं. म्हणून कडुलिंब-तुळस उकळून काढा केला आणि स्प्रेच्या बाटलीत भरला. चौथ्या दिवशी आंबूस वास, वर पांढरी साय! आता ७० टक्क्यांच्या सॅनिटायझरमध्ये निम्मा कोरफडीचा गर घालावा म्हणते. घरात सासूबाई आजारी आहेत. विषाणू मरतील ना?

पिपेटवाला: नका घालू. निम्मा गर म्हणजे ७० चे ३५ झाले, आणि हाताला किमान ६० टक्के अल्कोहोल लागतं. ती साय म्हणजे बुरशी. ज्यात बुरशी सुखाने नांदते त्या पाण्यावर कसला भरवसा ठेवता? ओता मोरीत. वनस्पतीजन्यच हवं असेल, तर इथेनॉल उसाच्या मळीपासून किंवा मक्यापासूनच बनतं की. त्वचेसाठी ग्लिसरीन असलेलं घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कृतीत ८० टक्के इथेनॉलबरोबर १.४५ टक्के ग्लिसरीन असतं, ते हात कोरडे पडू नयेत म्हणूनच. कोरफड लावायचीच तर सॅनिटायझर वाळल्यावर, वेगळी.

रानवेडा: कडुलिंबाच्या अर्काने विषाणू मरतात असं वाचलंय मी. उगाच नावं ठेवू नका.

पिपेटवाला: कडुलिंबाशी माझं वैर नाही. पण परीक्षानळीत विषाणू अर्कात बुडवून ठेवणं वेगळं आणि हातावर अर्धं मिनिट चोळणं वेगळं. शिवाय घरच्या काढ्यात अर्क किती उतरला, कोण मोजणार? बरं, सासूबाईंना झालंय काय?

भेगाळलेली: कालपासून उलट्या-जुलाब.

पिपेटवाला: अहो, हे आधी सांगायचं! फ्लू किंवा करोनाच्या विषाणूवर स्निग्ध वेष्टण असतं, ते अल्कोहोलने फाटतं. उलट्या-जुलाबाच्या नोरोव्हायरसला ते वेष्टणच नसतं, त्यामुळे तिथे सॅनिटायझर कमी पडतं. त्यांचं काही उचललंत की साबण लावून वीस सेकंद चोळा आणि वाहत्या पाण्याखाली धुवा. उलटी पुसताना हातमोजे घाला, भेगांनाही आराम. साबण बिनवासाचा घ्या, हात घासून पुसू नका, टिपा, आणि ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली लावा. त्यांना जलसंजीवनी घोट-घोट देत राहा. लघवी कमी झाली किंवा ग्लानी आली तर लगेच डॉक्टरकडे न्या.

भेगाळलेली: बाटली ओतली. जेली झोंबत नाहीये!