डोक्यावरचा तारा आणि अझिमथचा वाढलेला वेग: सिम्युलेशनमध्ये काय करायचं?

प्रश्न | खगोलकोडर
दुर्बिणीच्या अल्ट-अझिमथ माउंटचं सिम्युलेशन पायथनमध्ये लिहितोय, तीन अक्ष आहेत, अझिमथ (क्षितिजावरची दिशा), अल्टिट्यूड (उन्नती, म्हणजे क्षितिजापासूनची उंची) आणि कॅमेऱ्यामागचा डीरोटेटर (चित्र गोल फिरू नये म्हणून कॅमेरा फिरवणारा). तारा वर चढेपर्यंत सगळं छान, पण तो खस्वस्तिकाजवळ म्हणजे अगदी डोक्यावर आला की अझिमथचा वेग कुठल्या कुठे जातो. शिवाय उत्तरेकडून जाणारा तारा असला की अझिमथ ० वरून ३५९ वर उडी मारतो आणि माउंट उलटा अख्खी चक्कर मारायला लागतो. ऑयलर अँगल (दिशा तीन कोनांत मांडणं) काढून क्वाटर्नियन (तीच दिशा चार आकड्यांत मांडणं) घातले तर दोन्ही सुटेल का?

उत्तर | तिसरा_अक्ष
नाही सुटणार. दिशा कशातही साठवा, शेवटी मोटरला कोनच द्यायचेत, अडचण माउंटच्या रचनेतच आहे. अझिमथचा वेग म्हणजे ओमेगा गुणिले (साइन अक्षांश वजा कॉस अक्षांश × कॉस अझिमथ × टॅन उन्नती), अझिमथ उत्तरेकडून पूर्वेकडे मोजायचा आणि ओमेगा म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा वेग, सेकंदाला १५.०४ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). उन्नती ९० कडे गेली की टॅन अनंताकडे जातो, डीरोटेटरचंही तेच, तिथे भागाकारात कॉस उन्नती येतो. विषुववृत्तावर मोटरचा कमाल वेग सेकंदाला १ अंश धरला तर डोक्यावरचा साधारण पाव अंश त्रिज्येचा तुकडा हातातून जातोच, मोठ्या दुर्बिणींनाही असा आंधळा भाग असतो. तो लपवू नका प्लीज, वेग आणि त्वरण दोन्हीवर मर्यादा घाला आणि तारा किती सुटतो ते ग्राफवर बघा, सिम्युलेशन त्यासाठीच तर करायचं.

उत्तर | रात्रपाळी
०-३५९ ची उडी वेगळी भानगड आहे, ती एटॅन-टूची (atan2, कोन काढणारं फंक्शन, ते एका चक्करीतलाच कोन देतं). आधीच्या कोनाला सर्वात जवळचा कोन निवडा, ३६० मिळवून किंवा वजा करून. पण केबल पिळतात, त्यामुळे समजा अधिक-उणे २७० ची हद्द ठेवली तर कुठल्या बाजूने जायचं हे ट्रॅकिंग सुरू करायच्या आधीच पुढचे काही तास बघून ठरवा. आणि वेगांची बेरीज करत कोन काढू नका, चूक साचत जाते, दर वेळी घड्याळावरून थेट कोन काढा, वेग फक्त मोटरला आगाऊ सांगायला वापरा.

खगोलकोडर
मग इक्वेटोरियल माउंट (एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर असलेला) घेतला तर?

तिसरा_अक्ष
अवघड जागा आकाशातल्या ध्रुवावर सरकते एवढंच. ट्रॅकिंगला एकच अक्ष एकसारख्या वेगाने फिरवायचा म्हणून १९४८ ची अमेरिकेतल्या पालोमारची ५ मीटरची दुर्बीण इक्वेटोरियल होती, १९७५ मध्ये सोव्हिएत ६ मीटरची अल्ट-अझिमथवर आली कारण दोन्ही अक्षांचे बदलते वेग कॉम्प्युटर सांभाळू शकत होता. तुमचा कोड तपासायला अक्षांश ० आणि ताऱ्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासून उत्तरेकडचं अंतर) ०.१ अंश घाला, मर्यादा न लावता तारा सर्वात उंच असताना अझिमथचा वेग सेकंदाला २.४ अंशाच्या आसपास यायला हवा, तोही उणे चिन्हासकट. नाही आला तर कोड इथे टाका, बघतो.