ऊसतोड टोळ्यांना बिबट्याच्या पिल्लांबद्दल कसं सांगावं?

शिवारकरी: जुन्नर भागात गाळप सुरू होण्याआधी ऊसतोड टोळ्यांशी बोलायचंय. फडात बिबट्याची पिल्लं सापडली तर काय करायचं, हा विषय. भित्तिपत्रकं लावून उपयोग होत नाही. कुठे आणि कसं बोलावं? आणि 'पिंजरा लावा, लांब सोडा' म्हणाले तर काय सांगायचं?

मोळी: कोप्यांवर (टोळीच्या झोपड्यांवर) जा, संध्याकाळी. आधी मुकादमाला गाठा, तोड थांबवणं त्याच्या हातात असतं. मोळ्या बांधणाऱ्या बायकाही बसायला हव्यात. दहा मिनिटं पुरतात. नियमांआधी कारण सांगा: मादी पिल्लं उसात लपवून शिकारीला जाते, त्यामुळे एकटं दिसलेलं पिल्लू बहुतेक वेळा पोरकं नसतं. हे पटलं की पुढचं सोपं: तिथली तोड थांबवा, हात लावू नका, दूध पाजू नका (गाईच्या दुधानं हगवण लागते), वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. फोटोसाठी पिल्लू वस्तीवर नेलं की सापडल्याची नेमकी जागा हरवते, आणि मादी तिथेच शोधत येते.

पशुवैद्य_शिरूर: रात्री पिल्लं आईकडे परत कशी जातात तेही दाखवा, त्यानेच लोकांचा विश्वास बसतो. तपासणीनंतर वन विभागाचे लोक पिल्लं भाजीच्या प्लास्टिक क्रेटमध्ये, त्याच सरीत, दिवस मावळायच्या आत ठेवतात. झाकण मादीला पंजानं सहज पाडता येईल इतकं हलकं. शेजारी कॅमेरा ट्रॅप (हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा), माणसं लांब. ती एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. एक गेलं, एक उरलं, तर घाईनं उचलू नका. पहिल्या रात्री आली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा तिथेच. गर्दी, बॅटऱ्या, मोटारसायकली असल्या की ती जवळ येतच नाही. रानमांजराची पिल्लंही बिबट्याची समजून उचलली जातात, म्हणून दोन्हींचे फोटो मोबाइलवर ठेवा.

उसाचा_पट्टा: पिंजऱ्याच्या प्रश्नाला जुन्नरचाच आकडा द्या. १९९३ ते २००१ मध्ये माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. बिबटे पकडून दूर सोडायला लागल्यावर सरासरी १७ वर गेली. अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या नव्या ठिकाणी माणसांसमोर येतो, आणि रिकामी झालेली जागा दुसरा घेतो. पण आकडा सांगून थांबू नका. ज्याची शेळी गेली त्याच्यासमोर आधी पंचनामा आणि भरपाईचं बोला, नाहीतर तो ऐकणार नाही. कोप्यांवर अंधार पडल्यावर पोरं एकटी बाहेर नकोत, शेळ्या बंद गोठ्यात, उष्टं-खरकटं लांब पुरलेलं. खरकट्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.