मदत हवी आहे: ध्वनिमुद्रणाच्या खोलीसाठी पाण्याने थंड होणारा शांत संगणक – सुटे भाग कोणते घ्यावेत?

नमस्कार.

मी नागपूरला राहते आणि घरातल्याच दहा बाय बारा फुटांच्या एका खोलीत ध्वनिपुस्तकांचे निवेदन व छोट्या माहितीपटांचे संकलन अशी दोन्ही कामे करते. कामाच्या मुदती अशा असतात की एका माहितीपटाचे रेंडरिंग (संकलित दृश्यांची अंतिम फाइल तयार करणे) चालू असतानाच मला मायक्रोफोनसमोर बसून पुढच्या प्रकरणाचे वाचन करावे लागते. म्हणजे संगणकावर सर्वाधिक ताण असतो, नेमक्या त्याच वेळी मला त्याचा आवाज नको असतो. आधी निवेदन आणि मग रेंडरिंग असा क्रम लावून पाहिला, पण त्यात रोजचे दोन-अडीच तास जातात आणि ते मला परवडत नाहीत.

संगणकात रायझन ९ ७९५०एक्स हा प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०७० सुपर हे ग्राफिक्स कार्ड आहे. हे दोन्ही बदलायचे नाहीत. प्रोसेसर मूळ सेटिंगवर २३० वॅटपर्यंत वीज घेतो. मी तो बायोसमधील (संगणकाच्या मूलभूत सेटिंगमधील) वीज कमी करणाऱ्या इको मोडने १४२ वॅटवर आणून ठेवला आहे आणि रेंडरिंगच्या वेळेत त्यामुळे फारसा फरक पडलेला नाही. ग्राफिक्स कार्डाची मर्यादा २२० वॅट आहे. दोन्ही एकदम पूर्ण ताणावर असले, तर सुमारे ३६० वॅट उष्णता खोलीत सतत बाहेर पडते, असे धरून मी पुढचा विचार केला आहे.

सध्या प्रोसेसरवर एका कंपनीचा तयार, बंद प्रकारचा वॉटर कूलर आहे. तीन वर्षांत त्याच्या पंपाला बारीक घरघर लागली, आणि आतले पाणी बदलण्याची सोय नसल्यामुळे तो दुरुस्त करता येत नाही. ग्राफिक्स कार्ड मात्र त्याच्या स्वतःच्या तीन पंख्यांवरच आहे. संगणक बंद ठेवून नुसत्या खोलीची शांतता मुद्रित केली तर पातळी उणे ६६ डेसिबलच्या आसपास येते. रेंडरिंग चालू असताना ती उणे ५२ वर चढते. ध्वनिपुस्तकांसाठी सहसा उणे ६० किंवा त्याहून खालची पातळी मागितली जाते. मायक्रोफोन रोड एनटी१ आहे, त्याचा स्वतःचा आवाज अवघा ४.५ डेसिबल आहे, त्यामुळे दोष मायक्रोफोनचा नाही. त्याची पाठ संगणकाकडे असते आणि संगणक जितका लांब नेता येईल तितका मी आधीच नेला आहे.

मला आवाजाच्या पातळीपेक्षाही त्याचे बदलणे अधिक जाचते. वारा मंद वाहावा तसा एकसारखा आवाज असेल, तर सुरुवातीच्या दहा सेकंदांच्या शांततेचा नमुना घेऊन तो बऱ्यापैकी काढून टाकता येतो. पण पंखा मध्येच वेग घेतो, खाली येतो, पुन्हा चढतो, तेव्हा तो नमुना निरुपयोगी होतो, आणि सफाई करताना श, ष, स खरवडले जातात. ख, घ, ध, भ यांसारख्या महाप्राण अक्षरांतला श्वासही नाहीसा होतो. मराठी वाचनात हे कानाला लगेच जाणवते. म्हणूनच मला चाळीस मिनिटांच्या एका बैठकीत ज्याचा आवाज अजिबात बदलणार नाही, अशी रचना हवी आहे.

संगणक दुसऱ्या खोलीत ठेवावा, असे पुष्कळजण सुचवतील. घर भाड्याचे आहे, भिंतीला भोक पाडता येत नाही, आणि लगतची खोली माझ्या आईची झोपायची खोली आहे. तेव्हा तो मार्ग बंद आहे.

दुसरी अडचण नागपूरच्या उन्हाची. एप्रिल-मे महिन्यांत बाहेर ४५ अंशांवर पारा जातो, आणि मुद्रणाच्या वेळी कूलर, एसी, छताचा पंखा असे सगळेच बंद ठेवावे लागत असल्यामुळे बैठकीच्या शेवटी खोलीचे तापमान ३६ अंशांवर गेलेले मी मोजले आहे. पाणी खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही, हे मला ठाऊक आहे. युरोप-अमेरिकेतील लोक वीस-बावीस अंशांच्या खोलीत केलेली मोजमापे देतात, ती माझ्या उपयोगाची नाहीत.

माझ्यासमोर दोन आराखडे आहेत. पहिल्यात फ्रॅक्टल डिझाइनचे डिफाइन ७ एक्सएल हे आतून आवाजरोधक थर असलेले कॅबिनेट, त्यात ४८० आणि ३६० मि.मी.चे दोन रेडिएटर (गरम पाणी ज्यातून फिरून पंख्यांच्या हवेने थंड होते त्या जाळ्या) आणि त्यांवर १२० मि.मी.चे सात पंखे. दुसऱ्यात सध्याचेच कॅबिनेट ठेवून बाहेर जमिनीवर उभा राहणारा, १४० मि.मी.चे नऊ पंखे बसणारा जर्मन बनावटीचा मो-रा रेडिएटर. पंप दोन्हींत डी५ प्रकारचाच घ्यावा असे वाटते. डीडीसी पंप आकाराने लहान असतो आणि त्याचा दाब चांगला असतो, पण तो अधिक तापतो व अधिक आवाज करतो, असे वाचले आहे. पंख्यांत नॉक्टुआ एनएफ-ए१२एक्स२५ किंवा त्याच घराण्यातला १४० मि.मी.चा पंखा डोळ्यासमोर आहे.

माझी मूळ कल्पना अशी होती की मोठी टाकी लावून पाण्याचे प्रमाण दोन लिटरपर्यंत न्यावे आणि मुद्रण चालू असेपर्यंत पंखे पूर्ण बंद ठेवावेत, म्हणजे तेवढा वेळ पाणीच उष्णता पोटात साठवून ठेवील. हे शक्य आहे का? नसल्यास वरच्या दोनपैकी कोणता आराखडा घ्यावा, आणि पाणी पन्नास अंशांवर गेले तर पंपाला व नळ्यांना धोका आहे का? पंप, रेडिएटर, वॉटरब्लॉक (चिपवर बसून तिची उष्णता पाण्यात घेणारा धातूचा ठोकळा), पंखे आणि नळ्या जोडायची फिटिंग मिळून ८० हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची माझी तयारी आहे.

पहिला प्रतिसाद

आपण आकडे दिलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले.

पंखे बंद ठेवण्याची कल्पना आधी बाजूला ठेवा. एक लिटर पाणी एका अंशाने तापायला सुमारे ४,१८० ज्यूल लागतात. दोन लिटर पाण्यात ३६० वॅट ओतत राहिलात आणि उष्णता बाहेर गेलीच नाही, तर चार मिनिटांच्या आतच ते दहा अंशांनी तापेल. चाळीस मिनिटे पंधरा अंशांच्या आत राहायचे असेल तर जवळपास चौदा लिटर पाणी लागेल. पाणी साठवण करते ती काही मिनिटांचीच. तिचा उपयोग इतकाच की प्रोसेसरवरचा ताण क्षणोक्षणी बदलला तरी पाण्याचे तापमान हळूहळू सरकते. म्हणून पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या नव्हे, तर पाण्याच्या तापमानावर ठरवा किंवा मुद्रणापुरता तो एकाच आकड्यावर बांधून टाका. पाण्यात बुडणारा सेन्सर आणि त्याच्यासाठी जागा असलेला मदरबोर्ड किंवा अॅक्वाकॉम्प्युटर क्वाड्रोसारखा पंख्यांचा कंट्रोलर एवढ्याने हे काम होते. आपल्याला हवा असलेला न बदलणारा आवाज असाच मिळेल.

आता रेडिएटर. माझ्या अनुभवात रेडिएटरचा १२० मि.मी.चा एक खण (एका पंख्याची जागा), पंखा मिनिटाला ५००-६०० फेऱ्यांवर असताना आणि पाणी खोलीपेक्षा दहा अंशांनी गरम असताना, ३० ते ४० वॅट उष्णता बाहेर टाकतो. आपल्या पहिल्या आराखड्यात असे सात खण आहेत. ३६० वॅटसाठी पाणी खोलीपेक्षा सुमारे पंधरा अंश वर जाईल, म्हणजे मे महिन्यात ५१. बाहेरच्या रेडिएटरचे क्षेत्रफळ १२० च्या बारा खणांइतके भरते आणि फरक आठ-नऊ अंशांवर येतो, म्हणजे पाणी ४५ च्या आसपास राहील. पंख्यांची संख्या पाहून घाबरू नका. सारखे नऊ पंखे एकापेक्षा साधारण साडेनऊ डेसिबलने मोठे ऐकू येतात, पण वेग निम्मा केला की सुमारे १५ डेसिबल कमी होतात. जास्त पंखे आणि कमी वेग हाच सौदा आपल्या कामाचा आहे. मी आपल्या जागी असतो तर दुसरा आराखडा घेतला असता.

पन्नास अंशांची भीती रास्त आहे. डी५ पंपासाठी ६० अंशांची मर्यादा सांगितली जाते, आणि पीईटीजी प्लास्टिकच्या कडक नळ्या त्याच तापमानाला मऊ पडू लागतात. आपल्या हवेत कडक नळ्या घेऊच नका. ईपीडीएम रबराच्या काळ्या नळ्या घ्या. त्या उष्णतेला टिकतात, पारदर्शक पीव्हीसी नळ्यांप्रमाणे त्यांतून पाण्यात चिकट थर सुटत नाही, आणि पंपाची थरथर कॅबिनेटपर्यंत पोचू देत नाहीत. पंप जाड स्पंजवर ठेवा, कॅबिनेटच्या पत्र्याला थेट स्क्रूने आवळू नका. डी५ चा वेग कमी केला तरी चालतो: मिनिटाला तीन लिटर पाणी फिरले तरी सगळे भाग ओलांडताना ते पावणेदोन अंशांनीच तापते. त्यामुळे आधी प्रोसेसर की आधी ग्राफिक्स कार्ड, या वादात वेळ घालवू नका.

पाण्याचा स्पर्श होणाऱ्या भागांत तांबे, पितळ आणि निकेलचा मुलामा एवढेच धातू असू द्या. त्यांत एक जरी अॅल्युमिनियमचा भाग आला तरी गंज सुरू होतो. बॅटरीसाठी मिळणाऱ्या पाण्यावर भरवसा ठेवू नका, गंजरोधक असलेले तयार कूलंट घ्या.

एक गोष्ट खरेदीच्या आधी तपासा. ग्राफिक्स कार्डावर ताण देऊन त्याचे तिन्ही पंखे क्षणभर बोटाने नव्हे, सॉफ्टवेअरने थांबवा आणि कान लावून ऐका. कॉइलची (कार्डाच्या वीजपुरवठ्यातील वेटोळ्यांची) चिरचिर ऐकू आली, तर वॉटरब्लॉकने ती जाणार नाही. उलट बाकी सगळे शांत झाल्यावर तीच उरेल.

धागाकर्तीचे उत्तर

मनःपूर्वक आभार. चौदा लिटरचा हिशेब पाहिल्यावर माझी कल्पना मी सोडून दिली आहे.

आपण सांगितलेली चाचणी आज दुपारी केली. पंखे थांबवल्यावर खरोखरच बारीक चिरचिर ऐकू आली. मग कार्डाची वीजमर्यादा २२० वरून १६० वॅटवर आणली, तेव्हा मायक्रोफोनच्या जागेवरून ती कानाला लागेनाशी झाली, आणि दहा मिनिटांच्या माहितीपटाच्या रेंडरिंगला एक मिनिट अधिक लागले. हा तोटा मी आनंदाने सोसेन. एकूण उष्णताही आता ३०० वॅटच्या आसपास राहील, म्हणून बाहेरचा रेडिएटरच घेण्याचे ठरवते आहे.

आता अडले आहे ते वॉटरब्लॉकवर. माझ्या कार्डाची सर्किट पट्टी एनव्हिडियाच्या मूळ आराखड्याहून लांबीला वेगळी आहे आणि तिच्यासाठीचा ब्लॉक मला भारतातील दुकानांत सापडलेला नाही. असे कार्ड वापरणाऱ्या कोणी केवळ मुख्य चिपवर बसणारा सार्वत्रिक ब्लॉक लावून मेमरी आणि वीजपुरवठ्याच्या भागांवर वेगळे हीटसिंक चिकटवले आहेत का? नागपूरच्या उन्हाळ्यात, जवळ एकही वेगवान पंखा नसताना, ते भाग किती तापतात याचे प्रत्यक्ष मोजलेले आकडे कोणाकडे असतील, तर कृपया द्यावेत.