स्वतः अल्पसंख्य असणं हा कोर्टात बचाव होत नाही

'लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाचे लोक) स्वतःच भेदभाव सोसतात, मग ते काळ्यांशी भेदभाव कसा करतील?' असं काही जण विचारतात. अमेरिकी सुप्रीम कोर्टानं हा युक्तिवाद केव्हाच मोडीत काढलाय. १९७७ च्या कास्तानेदा विरुद्ध पार्तिदा खटल्यात टेक्ससमधल्या हिडाल्गो काउंटीत ग्रँड ज्युरीतून (आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणारं नागरिकांचं मंडळ) मेक्सिकन वंशाच्या लोकांना डावलल्याचा आरोप होता, आणि ही ज्युरी निवडणाऱ्यांत मेक्सिकन वंशाचेच लोक जास्त होते. तरीही 'आपला माणूस आपल्यांना डावलणार नाही' असं गृहीत धरायला कोर्टानं साफ नकार दिला.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्यातलं नोकरीविषयीचं सातवं प्रकरणही भेदभाव करणारा कोण, हे बघत नाही. गोची होते ती पुराव्यात. समजा, सुपरवायझर गोरटेला क्युबन आणि कामगार काळा डोमिनिकन (कॅरिबियनमधल्या डोमिनिकन रिपब्लिकचा). दोघंही स्पॅनिश बोलणारे. मालकाचा वकील म्हणणार, एकाच समाजातले हे, भेदभाव कसला? या कायद्यात वंश आणि मूळ देशाशिवाय 'वर्ण' हा आधार वेगळा दिलाय, तो इथं कामाला येतो. तक्रारीत नुसता मूळ देश लिहिला, की हातचा मुद्दा गेलाच म्हणून समजा.

आणि 'लॅटिनो काळ्यांबद्दल वाईट बोलत नाहीत' म्हणणाऱ्यांसाठी: २०२२ मध्ये लॉस एंजेलिस नगर परिषदेच्या तेव्हाच्या अध्यक्ष, लॅटिनो समाजातल्या नुरी मार्टिनेझ यांचं खासगी बैठकीतलं ध्वनिमुद्रण फुटलं. सहकाऱ्याच्या काळ्या लहानग्याला त्या स्पॅनिशमध्ये माकडाची उपमा देत होत्या! राजीनामा द्यावा लागला, तो लोकांच्या संतापामुळे. हेच एखादा फोरमन कामगाराला उद्देशून बोलला, तर ते खटल्यात पुरावा म्हणून पुढे ठेवता येतं.